गेम कंपन्यांनो, आमच्याकडं लाईट जाते!

प्रति,
निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट, व्हॉल्व्ह आणि गेम नि कन्सोल बनवणारे बाकीचे सगळे साहेबलोक,

दापोली तालुक्यातून नमस्कार.

तुमच्यापैकी एकालाही मराठी येत नसणार हे माहितीय, तरी मराठीतच लिहितोय, कारण हे वाचून हो हो म्हणणारी माझ्यासारखी मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यातला कोणीतरी तुमच्याकडं कामाला असेलच, पुण्याबिण्याचा. त्यानं समजावून सांगावं.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे दापोलीत, राहायला खाली हर्णैच्या बाजूला. वय चाळिशीच्या पुढं. गेम खेळतोय ते चौथी-पाचवीपासून आणि अजून सुटलेला नाही, बायको म्हणते डोक्यावरचे केस गेले पण हातातला रिमोट नाही गेला (ती कंट्रोलरला रिमोटच म्हणते, मी दुरुस्त करणं सोडून दिलंय). तेव्हा हे काय कुठल्या चिडक्या माणसाचं पत्र नाही, तुमच्या पक्क्या गिऱ्हाइकाचं पत्र आहे. नवीन कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, येणार म्हटलं की मी रात्र रात्र जागून त्याची माहिती वाचतो, बॉक्स उघडायचे व्हिडिओ जेवताना बघतो, आणि घ्यायची ऐपत नसली तरी कुठल्या कार्डवर घेतला तर किती हप्ता बसेल ते काढून ठेवतो. मागणी एकच आहे, ती आत्ताच सांगतो म्हणजे मीटिंगची घाई असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. पैसे मोजून घेतलेला गेम नेट नसताना चालला पाहिजे. घेतला त्या दिवशी पण आणि वीस वर्षांनी पण.

आता ज्यांना वेळ आहे त्यांनी बसा जरा.

आमच्या वाडीत व्हिडिओ गेम आला तो गणपतीत. कोकणात तेव्हा सगळंच मुंबईहून यायचं, मनीऑर्डर पण आणि गेम पण. आत्याचा मोठा मुलगा, आमचा दादा, एसटीनं रात्रभर प्रवास करून यायचा आणि त्याच्या बॅगेत मखराच्या कागदाखाली तो खोका असायचा. तो काही तुमचा असली फॅमिकॉम, निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा कन्सोल, नव्हता हो. असली फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आला, आमच्यापर्यंत पोचली ती त्याची नक्कल आणि तीपण नव्वद साल उलटल्यावर. पण कोणाला फरक पडत होता! पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं ९९९९९९ इन वन, आणि आत खरे गेम अगदी थोडे, बाकी तोच मारिओ तोच काँट्रा, फक्त वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारा, आणि तरी आम्ही खाली खाली करत ती यादी संपेपर्यंत जायचो की शेवटी काहीतरी नवीन निघेल म्हणून. टीव्हीच्या मागनं अँटिनाची वायर काढायची, तिथं गेमची लावायची, मग चॅनेलची ती बारीक चाकं फिरवत फिरवत मुंग्यांमधून मारिओ शोधून काढायचा, हे काम दादा सोडून कोणालाच जमायचं नाही त्यामुळं त्याचा तोरा काय विचारू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, मारिओ पण बुटका व्हायचा, तरी खेळ चालू. आरती झाली रे झाली की आम्ही सगळे टीव्हीसमोर, आणि आजी ओटीवरनं ओरडायची, "मेल्यांनो, देव बसलाय घरात नि तुम्ही त्या टोपीवाल्याच्या मागं!"

मोठा झाल्यावर कळलं की तो अख्खा सुपर मारिओ, १९८५ चा, फक्त ४० केबीचा आहे. चाळीस! मोबाईलमधला 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटो सुद्धा त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी काय केलं, तर वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र, नुसता रंग बदललाय, पांढरा की ढग, हिरवा की झुडूप. कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग गेम उघडून बघतात, बघाच.

आणि ती बंदूक. बदकं मारायची. सगळ्या गावांत एकच अफवा होती की बंदूक बल्बवर धरली तरी बदक पडतं, आणि नकली सेटमध्ये पडत असेलही, पण निन्टेन्डोच्या असली बंदुकीत तुमच्या लोकांनी त्याचाही विचार केलेला होता. घोडा दाबला की एक क्षण पडदा पूर्ण काळा करायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवायचा, आणि बंदुकीतला सेन्सर बघतो की आधी काळोख आणि मग उजेड असं झालं का. बल्ब तर काळ्या पडद्याच्या वेळी पण उजेडच देणार, म्हणजे चोरी पकडली. १९८४ सालचं डोकं आहे हे. आज ती बंदूक एलसीडी टीव्हीवर चालत नाही कारण सगळं गणित जुन्या डब्बा टीव्हीच्या टायमिंगवर बसवलेलं, नवीन टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि बंदुकीला वाटतं नेम चुकला. हे मला कळलं तेव्हा मी दुकानात एकटाच टाळी वाजवली होती.

काँट्राचं तर बोलायलाच नको. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए, एवढी बटणं दाबली की तीस जीव. हा कोड काढणारा कोनामीचा काझुहिसा हाशिमोतो, १९८६ मध्ये ग्रॅडियस नावाचा गेम तपासताना त्यालाच तो कठीण जात होता म्हणून त्यानं स्वतःसाठी ही पळवाट ठेवली होती, ती पुढं काँट्रात आली आणि आमच्या वाडीतली पोरं त्याच्यावर मे महिने काढायची. २०२० च्या फेब्रुवारीत तो गेला. मी दुकानात त्या दिवशी येईल त्याला सांगत होतो, लोकांना वाटलं कोणी नातेवाईक गेला माझा.

कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे तर जगभर चालायचं म्हणे, कोणी कोणाला शिकवलं देव जाणे. आता रिपेअरिंगवाला म्हणून सांगतो, फुंकरीनं काही होत नव्हतं, कॅसेट काढून परत बसवली की पिना जराशा घासल्या जायच्या आणि कॉन्टॅक्ट मिळायचा, बस. उलट तोंडातला ओलावा पिनांवर बसून नुकसानच, निन्टेन्डोनं स्वतः फुंकू नका म्हणून सांगितलेलं. आणि आमच्याकडं तर हवेतच मीठ. मुंबईत दहा वर्षं टिकणारी वस्तू इथं दोन पावसाळ्यांत हिरवी पडते, बोर्डाला बुरशी आल्यासारखं दिसतं पण ते तांबं खाल्लेलं असतं खाऱ्या हवेनं. साधा उपाय, शाळेतला खोडरबर घ्यायचा, पिना हळूच घासायच्या, मग कापसावर आयसोप्रोपिल, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, घेऊन पुसायच्या. माझ्याकडं त्या काळातल्या कॅसेटी आहेत अजून, घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि त्या चालतात. आज. आत्ता. कोणाला विचारावं लागत नाही. माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे खरं तर, पण तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला पुरावे लागतात.

मधली वर्षं पटकन सांगतो. बारावीच्या आसपास कॉम्प्युटर क्लासला गेलो ते एमएस ऑफिस शिकायला, शिकलो जॉन रोमेरोचा डेंजरस डेव्ह हा गेम, फ्लॉपीवरनं. मग नोकियावरचा साप, जो १९९७ मध्ये तानेली आर्मान्तो नावाच्या फिनलंडच्या माणसानं ६११० मॉडेलसाठी लिहिला आणि जो आमच्या आईनं पण खेळला, घरातला एकमेव गेम ज्याला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. मग सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक, व्हाइस सिटी, मग प्लेस्टेशन टू, मग लग्न, मग जरा गॅप, मग परत.

तर आता नवीन गॅजेट्सबद्दल, कारण मला लोक म्हणतात तू जुन्यातच रमलायस, साफ चूक. मला नवीन जास्त आवडतं! प्लेस्टेशन फाइव्हचा कंट्रोलर पहिल्यांदा हातात घेतला चिपळूणला मित्राकडं, त्याच्यातला तो ट्रिगर बोटाला उलटा दाबतो, धनुष्याची दोरी ताणली की खरंच जड लागतं, मी अर्धा तास गेम पुढंच नेला नाही, नुसता बाण ताणत बसलो. ओएलईडी स्क्रीनवर रात्रीचा सीन म्हणजे खरा काळोख, आमच्याकडं अमावस्येला मागच्या पाणंदीत असतो तसला. पण माझ्या मते गेल्या काही वर्षांतला कोकणासाठीचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे हातातला कन्सोल, हॅन्डहेल्ड. कारण सांगतो, आणि हे मी हिशोब करून सांगतोय.

आमच्याकडं लाईट जाते. वळवाचा पाऊस सुरू झाला, वीज कडाडली, की पहिलं काम घरातल्या सगळ्या पिना काढायच्या, मोडेमसकट, नाहीतर दुसऱ्या दिवशी जळका मोडेम घेऊन अर्धा तालुका माझ्या दुकानात. मग इन्व्हर्टर. घरोघरी असतो तो दीडशे एएचचा, बारा व्होल्टचा, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, पण बॅटरी जुनी, त्यात इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं, निम्मे मिळाले तरी देवाची कृपा. मोठा कन्सोल खेळताना साधारण २०० वॅट घेतो, वर टीव्हीचे १००, म्हणजे तीन तासांत इन्व्हर्टर झोपला आणि पंखे बंद, मग घरातले आपल्याला झोपू देत नाहीत. आणि व्हॉल्व्हचा हॅन्डहेल्ड स्टीम डेक, त्याच्या ओएलईडी मॉडेलची बॅटरी ५० वॅट-अवरची. तेवढ्याच इन्व्हर्टरवर तो पंधरा वेळा तरी भरेल! शिवाय लाईट गेली तर मोठ्या कन्सोलवरचा सेव्ह न केलेला खेळ गेला, इथं काय, बटण दाबलं की आहे तिथं झोपतो आणि परत दाबलं की त्याच उडीतनं पुढं. हे ज्यानं कोणी बनवलं त्याला हर्णैला बोलवा, पापलेट माझ्याकडनं. मग तुम्ही तो भारतात अधिकृत विकत का नाही, हा प्रश्न आहेच व्हॉल्व्हवाल्यांना. निन्टेन्डोला पण तोच. हे लिहितोय तोवर तरी दोघांचं इथं रीतसर दुकान नाही, आणि तरी तुमच्या वस्तू मुंबईत मिळतात, चढ्या भावानं, वॉरंटीशिवाय, आणि आम्ही घेतो. घेणारे आहेत म्हणजे गिऱ्हाईक आहे, एवढं तर रस्त्यावर भाजी विकणाऱ्याला पण कळतं.

आता मुद्द्यावर. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं, पण दापोली-मंडणगडची त्यानं जी वाट लावली ती ज्यांनी बघितली त्यांनाच ठाऊक. पन्नास-पन्नास वर्षांच्या नारळी-पोफळी आडव्या, आंब्याची झाडं मुळासकट, कौलं पत्रे कुठच्या कुठं. विजेचे खांब काडीसारखे मोडलेले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नाही, वर लॉकडाऊन. कोणी म्हणेल असल्या वेळी गेमचं काय घेऊन बसलास, तर दिवसा आम्ही झाडं तोडत होतो, वाटा मोकळ्या करत होतो, छपरावर ताडपत्री बांधत होतो, पण सात वाजता काळोख पडला की घरात पोरं घाबरलेली, वारा जरा सुटला की रडायला लागायची. शेजारी जनरेटर होता, तिथं सगळे मोबाईल लावायला जायचे, टॉर्च म्हणून तरी चालावा म्हणून. मी माझा नवीनपैकी एक हॅन्डहेल्ड लावला, कंपनीचं नाव नाही घेत. रात्री पोरांना जवळ घेतलं, म्हटलं चला रेसिंग खेळू. सुरू केला. पडद्यावर आलं की गेमचा परवाना तपासायचाय, इंटरनेटला जोडा.

इंटरनेटला जोडा!

टॉवर डोंगरावर आडवा पडलाय आणि हा मला म्हणतो इंटरनेटला जोडा. पैसे भरलेले, गेम आत उतरवलेला, बॅटरी भरलेली, खेळणारी पोरं समोर, आणि दाराला कुलूप कंपनीचं. दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो (अर्धा माळा उघडाच होता), डबा काढला, त्यातला गेम बॉय कलर काढला, खूप वर्षांपूर्वी दादाकडनं आलेला. दोन पेन्सिल सेल. त्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून कंदिलाच्या बाजूला वाकडा धरून खेळावा लागतो, आणि तशा अवस्थेत दोन पोरं, त्यांची आई आणि शेजारचे काका पाळीपाळीनं टेट्रिस खेळले. ती कॅसेट १९८९ सालच्या पहिल्या गेम बॉयसोबत निघालेल्या टेट्रिसची. तिनं कोणालाच काही विचारलं नाही. काकांनी सगळ्यांचा स्कोअर मोडला, ते आधी पंचायतीत क्लार्क होते, रकाने भरायची सवय.

तो पहिला गेम बॉय बनवणारा निन्टेन्डोचा गुनपेई योकोई, त्याचं म्हणणंच असं होतं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग काढायचा. त्याच वेळी बाजारात रंगीत स्क्रीनचे हॅन्डहेल्ड पण होते, पण ते सहा-सहा सेल खाऊन थोड्या तासांत बसायचे, आणि हा हिरवट पडद्याचा चार सेलवर दिवस दिवस चालायचा. कोण जिंकलं ते तुम्हाला माहितीय.

मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, आता ऑफलाइन मोड असतो, सेटिंगमध्ये जाऊन हे करा ते करा. असतो, मान्य. पण तो आधी नेट असताना चालू करून ठेवावा लागतो, आणि वादळ सांगून येतं पण सेटिंग बदलायची आठवण करून देत नाही.

आणि वादळ सोडा, साधा चांगला दिवस घ्या. नवीन मोठा गेम आजकाल १०० जीबीचा असतो, त्याच्यापेक्षा मोठे पण आहेत. १०० जीबी म्हणजे पंचवीस लाख मारिओ. आमच्याकडं दहा एमबीपीएसची लाईन सुरळीत मिळाली तर १०० जीबीला बावीस तास, आणि सुरळीत हा शब्द पावसाळ्यात आम्ही वापरत नाही. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर उतरवायचा म्हटलं तर पन्नास दिवस, म्हणजे गुढीपाडव्याला सुरू केला तर मे महिना अर्धा संपला, आंबा उतरला, चाकरमानी येऊन परत गेले, आणि इथं येतंय की अपडेट आलाय. म्हणून मला डबा पाहिजे हो, डबा. कार्ड, डिस्क, काहीही, पण गेम आत असलेला.

तर तुम्ही काय केलंत? निन्टेन्डोचा हॅन्डहेल्ड स्विच टू, जून २०२५. माझा अत्यंत आवडता. त्याच्यासाठी गेम-की कार्ड म्हणून एक प्रकार काढलात, डबा आहे, कार्ड आहे, कार्डात गेम नाही! फक्त किल्ली. कार्ड घालायचं आणि गेम नेटवरनं उतरवायचा, आणि उतरवला तरी खेळताना कार्ड घातलेलंच पाहिजे. दोन्हीकडचा ताप एकाच डब्यात. आणि हे करायलाच लागतं असंही नाही, कारण पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं सायबरपंक २०७७ सारखा अवाढव्य गेम त्याच स्विच टूसाठी ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण बसवून दिला. आख्खं शहर बसलं कार्डात, मग तुमचे छोटे छोटे गेम का बसत नाहीत? कार्ड महाग पडतं म्हणता, पडत असेल, शंभर-दोनशे रुपये जास्त लावा, आम्ही देतो.

मोठे गेमच पाहिजेत असाही हट्ट नाही. स्टारड्यू व्हॅली एका एकट्या माणसानं बनवला, एक जीबीच्या आत बसतो, आणि आमची बायको, तीच रिमोट म्हणणारी, त्यात शेती करते. खऱ्या शेतीत माकडं काही ठेवत नाहीत म्हणून. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांनी २०२० मध्ये राजी काढला, आपल्या पुराणांवरचा, देखणा, तो पहिल्यांदा स्विचवर आला तेव्हा मला काय अभिमान वाटला होता. असल्या लोकांना हात द्या जरा.

सर्व्हर बंद करायचा विषय तर त्याहून वाईट. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम, २०१४ चा, युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्यानं खेळायचा भाग सुद्धा मेला, कारण तो पण सर्व्हरशिवाय उघडतच नव्हता. त्याच्यावरनंच रॉस स्कॉट नावाच्या माणसानं स्टॉप किलिंग गेम्स मोहीम काढली, युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. आणि गंमत बघा, आरडाओरडा झाल्यावर त्याच कंपनीनं त्याच मालिकेतल्या पुढच्या गेमला ऑफलाइन खेळायची सोय दिली. म्हणजे जमत होतं! कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल दुकानानं गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं की बाबा तू मालक नाहीस, तुला फक्त परवाना मिळतोय. सांगताय ते बरंच, पण मला परवाना नकोय, मला वस्तू पाहिजे. गॉग नावाचं दुकान २००८ पासून गेमची पूर्ण फाइल देतं, हार्ड डिस्कवर ठेवा, नातवाला द्या, कुलूप नाही. त्यांचं दुकान काही बुडालं नाही त्यानं.

तुम्ही जपून ठेवाल असा भरवसा ठेवावा तर तुमचा रेकॉर्ड काय आहे? २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं मोजलं, अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठल्याच रीतसर मार्गानं विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू ह्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान कायमचं बंद झालं. तेव्हा जे वाचलंय ते कोणाच्या तरी माळ्यावरच वाचलंय.

रिपेअरचं पण बोलून घेतो, कारण ते माझं पोट आहे. कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकायला लागते, ड्रिफ्ट. आत कार्बनची पट्टी असते, घासून घासून झिजते, आणि आमच्याकडच्या दमट हवेत आणखी लवकर. हॉल इफेक्टची स्टिक लावली तर चुंबकावर चालते, काही घासतच नाही. हे काय आजचं नाही, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच होतं! आणि तुम्ही आज लाखाच्या घरातल्या वस्तूत ती झिजणारी पट्टी घालता. सोनीनं ड्युअलसेन्स एज ह्या कंट्रोलरमध्ये स्टिक आख्खी काढून बदलायची सोय दिलीय, झकास, ती साध्या कंट्रोलरला पण द्या. व्हॉल्व्ह सुटे भाग विकायला देतं, शाब्बास. बॅटरी मात्र चिकटवू नका हो, उन्हाळ्यात फुगून आलेल्या बॅटऱ्या गोंदातनं सोडवताना माझा जीव टांगणीला लागतो. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून गिऱ्हाइकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी द्यायचा नियम लागू होतोय, तोच माल इकडं पण पाठवा, वेगळा काढत बसू नका.

इथले लोक मला काय म्हणतात ते पण ऐका. गेम म्हटलं की गावात आता रमीच आठवते, ऑनलाइन पैसे लावायची. २०२५ च्या कायद्यानं ते पैशाचे खेळ बंद झाले आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरले, चांगलं झालं, पण दुकानात येऊन एक मामा मला गंभीरपणे विचारून गेले की आता तुझा तो मारिओ पण बंद ना. त्यांना म्हटलं मामा, मारिओ नाणी गोळा करतो, घालवत नाही. पटलं नाही त्यांना.

तर एवढंच करा. ज्या डब्यात गेम पूर्ण आहे त्याच्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा की नेटशिवाय चालतो. ज्याच्यात नाही त्याच्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात ते पण लिहा. सर्व्हर बंद करायच्या आधी शेवटचा एक अपडेट द्या कुलूप काढणारा, मग खुशाल बंद करा. आणि परवाना तपासायचाच असेल तर वर्षातनं एकदा तपासा, दिवाळीत, तेव्हा लाईट असते.

आपला जुना गिऱ्हाईक,
दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. दादा यंदा गणपतीला येताना माझ्यासाठी स्विच टू आणणार आहे, पैसे दिलेत. सोबत दोन गेम आणायला सांगायचेत आणि किल्लीवाला डबा मला नकोय. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो सगळे सारखेच असतात. तुमच्यापैकी कोणी गणपतीच्या आत पूर्ण गेमच्या कार्डांची यादी पाठवली तर बरं होईल, दादा एसटीत बसायच्या आधी.